दोन मॉनिटर: एकावर ‘नो सिग्नल’, दुसरा ६० हर्ट्झला अडकलेला आणि मधूनच काळा

अर्धी_जोडणी

नमस्कार मंडळी. डेस्कटॉपला दोन मॉनिटर लावायचे आहेत, पण गाडी अडली आहे. आधी सामान सांगतो.

प्रोसेसर आय५-१२४००, बी६६० चिपसेटचा मदरबोर्ड, १६ जीबी रॅम, जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड (मागे एक एचडीएमआय, एक डिस्प्ले पोर्ट, एक डीव्हीआय), विंडोज ११.

पहिला मॉनिटर २७ इंची, २५६० × १४४०, १४४ हर्ट्झचा (म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा). तो कार्डाच्या डिस्प्ले पोर्टला आहे. डब्यातली केबल टेबलाखालून पोचत नाही म्हणून ३ मीटरची वेगळी घेतली. दुसरा २४ इंची, १९२० × १०८०, ७५ हर्ट्झ, मागे एचडीएमआय आणि व्हीजीए. कार्डावर ताण नको म्हणून तो मदरबोर्डच्या एचडीएमआयला लावला आहे.

आता तक्रारी. २४ इंचीवर कायम ‘नो सिग्नल’, विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ‘डिटेक्ट’ दाबलं तरी काही सापडत नाही. २७ इंची १४४ चा असून ६० वरच चालतो. शिवाय तो मधूनच दोन-तीन सेकंद काळा होऊन परत येतो, कधी पंखा लावताना, कधी उगाचच. ड्रायव्हर नवा टाकून झाला आहे. कुठून सुरुवात करू?

खटपट्या

तीन वेगळी दुखणी आहेत, एका औषधाने जायची नाहीत. पहिलं आधी.

मदरबोर्डवरचं एचडीएमआय हे प्रोसेसरच्या आतल्या ग्राफिक्सचं असतं. स्लॉटमध्ये वेगळं कार्ड बसलं की बहुतेक बोर्डांचं बायोस (पीसी सुरू होताना चालणारं बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर) आतलं ग्राफिक्स आपण होऊन बंद करतं. मग त्या सॉकेटमधून काहीच बाहेर पडत नाही आणि विंडोजला तो मॉनिटर असल्याचा पत्ताही लागत नाही. ‘डिटेक्ट’ कितीही दाबा.

सोपा उपाय म्हणजे २४ इंचीची केबल काढा आणि कार्डाच्या एचडीएमआयला लावा. ताणाची काळजी सोडा. डेस्कटॉप, ब्राउझर, एक्सेल दाखवायला १६५० ला दुसरा मॉनिटर जाणवतसुद्धा नाही. उलट दोन मॉनिटर दोन वेगळ्या ग्राफिक्सवर ठेवले आणि व्हिडिओची खिडकी एकावरून दुसऱ्यावर ओढली, की प्रत्येक फ्रेम इकडून तिकडे कॉपी करावी लागते. ताण तिथे वाढतो.

पुढेमागे तिसरा मॉनिटर लावायचा झाला तरच आतलं ग्राफिक्स जागं करा. सुरू होताना डिलीट दाबून बायोसमध्ये जा. असुसच्या बोर्डात ‘ॲडव्हान्स्ड – सिस्टिम एजंट – ग्राफिक्स कॉन्फिगरेशन’ मध्ये ‘आयजीपीयू मल्टि-मॉनिटर’ सापडेल. गिगाबाइटमध्ये ‘आयओ पोर्ट्स’ खाली ‘इंटर्नल ग्राफिक्स’, एमएसआयमध्ये ‘इंटिग्रेटेड ग्राफिक्स कॉन्फिगरेशन’ खाली ‘आयजीडी मल्टि-मॉनिटर’. ते ‘एनेबल्ड’ करा आणि पहिला डिस्प्ले मात्र कार्डाचाच ठेवा, नाहीतर बायोसचा पडदा भलत्याच मॉनिटरवर यायला लागेल. त्यानंतर इंटेलचा ग्राफिक्स ड्रायव्हरही टाकावा लागतो.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी: प्रोसेसरच्या नावाशेवटी ‘एफ’ असेल (१२४००एफ, १०४००एफ) तर त्यात आतलं ग्राफिक्सच नाही. बोर्डवरची सॉकेटं दिसतात तेवढीच, बायोसमध्ये शोधत बसू नका.

शून्य_एक

ड्रायव्हर नुसता वरून टाकून भागत नाही. डीडीयू (डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर) उतरवून घ्या, सेफ मोडमध्ये जाऊन जुना मुळापासून पुसा आणि मग नवा टाका. काळा होणं आणि ६० हर्ट्झ, दोन्ही जाईल.

खटपट्या

@शून्य_एक, इतक्यात नको. ड्रायव्हर कोसळला तर दोन्ही मॉनिटर एकदमच काळे होतात, आणि इव्हेंट व्ह्यूअरच्या ‘सिस्टिम’ नोंदीत ‘डिस्प्ले’ या नावाने ४१०१ क्रमांकाची नोंद पडते: ड्रायव्हरने प्रतिसाद थांबवला आणि तो सावरला, अशा अर्थाची. ती नोंद नसेल आणि काळा होणारा मॉनिटर नेहमी एकच असेल, तर संशय केबल, सॉकेट आणि वीज यांच्यावर घ्यायचा. सेफ मोड शेवटी.

@अर्धी_जोडणी, २४ इंची कार्डावर घेतल्यावर एवढं बघून सांगा:

काळे दोन्ही होतात की एकच? ४१०१ ची नोंद आहे का? ‘सेटिंग्ज – सिस्टिम – डिस्प्ले – ॲडव्हान्स्ड डिस्प्ले’ मध्ये २७ इंची निवडल्यावर रिफ्रेश रेटच्या यादीत सगळ्यात मोठा आकडा कोणता दिसतो?

तिसरं नीट बघा. यादीत १४४ असेल तर प्रश्नच मिटला, विंडोज बऱ्याचदा आपण होऊन ६० धरतं, तुम्ही फक्त निवडायचं. यादीच ७५ ला संपत असेल तर वाटेत कुठेतरी पाइप अरुंद आहे.

अर्धी_जोडणी

२४ इंची कार्डाच्या एचडीएमआयला लावल्याबरोबर दिसायला लागला. विंडोज + पी दाबून ‘एक्स्टेंड’ केलं.

काळा फक्त २७ इंची होतो, २४ ला काही होत नाही. ४१०१ ची नोंद नाही. आणि हो, यादी ७५ ला संपते.

पिक्सेलगणित

मग हिशोब मांडू. २५६० × १४४० × १४४ × २४ बिट (एका पिक्सेलच्या रंगाचे, तीन रंगांना ८-८) म्हणजे सेकंदाला पावणेतेरा गिगाबिट. त्यात ओळींच्या आणि फ्रेमच्या मधल्या मोकळ्या वेळा धरल्या की सुमारे १४. आता वाट किती रुंद आहे ते बघा. प्रत्यक्ष चित्रासाठी उरणारी क्षमता अशी (डीपी म्हणजे डिस्प्ले पोर्ट):

डीपी १.१ : ८.६४ गिगाबिट
डीपी १.२ : १७.२८
डीपी १.४ : २५.९२
एचडीएमआय १.४ : ८.१६
एचडीएमआय २.० : १४.४

१४४० ला ७५ हर्ट्झ साधारण सव्वासात गिगाबिट घेतं, ते ८.६४ मध्ये बसतं. १४४ बसत नाही. तुमची यादी बरोबर ७५ ला तुटते, म्हणजे जोडणी डीपी १.१ म्हणून चालली आहे. कार्ड १.४ चं आहे, त्यामुळे दोष तिथे नाही. मॉनिटरच्या बटणांनी मेनू उघडा. ‘सिस्टिम’, ‘सेटअप’ किंवा ‘अदर’ खाली ‘डिस्प्ले पोर्ट व्हर्जन’ अशी ओळ असते. बरेच उत्पादक जुन्या पीसींशी जमावं म्हणून तिथे १.१ ठेवून देतात. १.२ किंवा १.४ करा. पडदा क्षणभर जाऊन येईल, मग यादी परत बघा. ही ओळ मेनूत नसेल तर केबलकडे वळायचं.

वरचा तक्ता बघून कोणी २७ इंची एचडीएमआयवर हलवायचा विचार करेल. २.० वर १४४० ला १४४ बसतं, पण कसंबसं, आणि तेही ८ बिट रंगावर. मॉनिटरचं सॉकेट १.४ चं निघालं तर पुन्हा ७५ च. बरेच मॉनिटर डीपीवर १४४ देतात आणि एचडीएमआयवर त्याहून कमी, खोक्यावर मात्र मोठाच आकडा छापलेला असतो. म्हणून वेगवान मॉनिटर डीपीला आणि ७५ वाला एचडीएमआयला, ही तुमची मांडणी बरोबर आहे. बदलू नका.

अर्धी_जोडणी

मेनूत १.१ च होतं. १.४ केलं, १४४ आलं. पण आता काळं होण्याचं प्रमाण वाढलं आहे. १४४ वर दर काही मिनिटांनी होतं, पंख्याचा काही संबंध नसताना. ६० वर आणलं की फक्त पंखा किंवा ट्यूब लावताना होतं.

पिक्सेलगणित

ही माहिती सोन्यासारखी आहे, यातून दोन कारणं वेगळी पडतात.

१४४ वर आपोआप होणारं काळं म्हणजे ती ३ मीटरची केबल. वेग वाढला की तारेतला सिग्नल लांबीबरोबर झपाट्याने झिजतो. मॉनिटरला चुका सोसेनाशा झाल्या की जोडणी तुटते, कार्ड आणि मॉनिटर पुन्हा वेग ठरवतात, त्यालाच ते दोन-तीन सेकंद लागतात. खात्री करायला डब्यातली छोटी केबल लावा. पोचत नसेल तर मॉनिटर तात्पुरता कॅबिनेटजवळ आणा. केबल बदलताना सॉकेट तेच ठेवा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर कशाने बरं झालं ते कळत नाही. फ्रीसिंक किंवा जीसिंक (मॉनिटरचा वेग कार्डाच्या वेगाशी जुळवणारी सोय) चालू असेल तर चाचणीपुरतं तेही बंद ठेवा.

छोट्या केबलने थांबलं तर नवी २ मीटरपर्यंतचीच घ्या, आणि व्हेसाचं (डिस्प्ले पोर्टची मानकं ठरवणारी संस्था) ‘डीपी८के’ प्रमाणपत्र असलेली. खोक्यावर नुसतं ‘८के’ छापलेलं असणं निराळं, ते कोणीही छापतं. लांब केबलशिवाय गत्यंतरच नसेल तर कॅबिनेट हलवा, ते स्वस्त पडतं.

लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबापाशी सुटी केबल घेताना आणखी एक. काही निकृष्ट डीपी केबलींमध्ये २० क्रमांकाची पिन दोन्ही टोकांना जोडलेली असते. ती ३.३ व्होल्टची पिन आहे, आणि साध्या केबलमध्ये ती आरपार जोडायची नसते. जोडली तर मॉनिटरची वीज उलटी कार्डात शिरते. लक्षण असं की पीसी बंद करूनही आतला एखादा दिवा मिणमिणतो, किंवा मॉनिटरची केबल काढल्याशिवाय पीसी सुरूच होत नाही. अशी केबल कात्रीने कापून टाका, दुसऱ्याला देऊ नका. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून दोन्ही टोकांची २० नंबर पिन तपासता येते, पण पिना बारीक असल्याने सुई धरायला हात स्थिर लागतो.

अर्थिंगवाला

पंखा-ट्यूबचं मी घेतो.

स्विच पाडताना संपर्कात ठिणगी पडते. चोकच्या ट्यूबचा आणि पंख्याच्या मोटरचा झटका त्याच वायरिंगवरून, आणि हवेतूनही, केबलपर्यंत येतो. डीपीची जोडणी आधीच काठावर असेल तर तेवढं पुरतं. केबल बदलल्यावर हेही कमी होईल, पण मुळात अर्थिंग तपासा.

मल्टिमीटर एसी व्होल्टच्या ७५० च्या रेंजला ठेवा. ज्या बोर्डवर पीसी आहे त्या थ्री-पिन सॉकेटमध्ये: फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थ जवळपास तितकंच, आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टांच्या आत यायला हवं. फेज-अर्थ शंभर-सव्वाशे किंवा सतत हलता आकडा दाखवत असेल तर अर्थची तार कुठेतरी सुटली आहे, किंवा मुळात जोडलेलीच नाही. जुन्या इमारतींत सॉकेट तीन भोकांचं आणि मागे तारा दोनच, हे सर्रास दिसतं. मीटर धरायची सवय नसेल तर वायरमनला बोलवा.

अर्थ नसताना काय होतं ते समजून घ्या. एसएमपीएसच्या (पीसीच्या पॉवर सप्लायच्या) तोंडाशी गोंगाट गाळणारे दोन कपॅसिटर असतात. एक फेजकडून, एक न्यूट्रलकडून, आणि दोन्ही कॅबिनेटच्या पत्र्याला जोडलेले. अर्थ तुटला की पत्रा मधल्या दाबावर, साधारण ११५ व्होल्टवर तरंगतो. करंट अगदी थोडा, म्हणून फक्त मुंग्या येतात. पण मॉनिटरचा अडॅप्टर टू-पिन असेल तर त्याला स्वतःचा अर्थ नसतोच. मग तो फरक एचडीएमआय किंवा डीपीच्या केबलमधून वाट काढतो. चालू यंत्रात केबल खुपसताना सॉकेट जळतं ते याच कारणाने. म्हणून केबल लावताना-काढताना पीसी आणि दोन्ही मॉनिटर भिंतीवरच्या स्विचपासून बंद. नुसतं मॉनिटरचं बटण दाबून भागत नाही.

पीसी आणि दोन्ही मॉनिटर एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या, म्हणजे तिघांचा अर्थ एक राहील. तो बोर्ड अर्थात थ्री-पिनवाला, आणि त्याच्या तारेत खरोखर तीन तारा असलेला. कोणी टीव्ही दुसरा मॉनिटर म्हणून वापरत असेल तर चाचणीपुरती डिश किंवा केबलची कोॲक्स (टीव्हीला येणारी गोल, आत जाळी असलेली तार) काढून ठेवा. तिच्या जाळीतून गच्चीवरचा वेगळाच अर्थ घरात येतो.

आणि एक, पटणार नाही पण खरं: गॅसवर वर-खाली होणाऱ्या खुर्चीतून उठता-बसता मॉनिटर काळा होतो. खुर्चीच्या नळकांड्यात स्थिर विजेचा झटका तयार होतो आणि केबल तो ॲन्टेनासारखा पकडते. उपाय तोच, आखूड आणि चांगल्या शील्डची केबल. मॉनिटरच्या टोकाशी क्लिपचा फेराइट मणी (तारेवर बसणारा, गोंगाट अडवणारा चुंबकीय तुकडा) लावूनही फरक पडतो.

मधलीसुट्टी

धागा पळवतो, माफ करा. माझा पीसी जुना, एच३१० बोर्ड, वेगळं कार्ड नाही, मागे एक व्हीजीए आणि एक एचडीएमआय. दुकानदाराने एचडीएमआय स्प्लिटर दिला. दोन्ही मॉनिटर लागतात पण दोन्हींवर एकच चित्र. ‘एक्स्टेंड’ केलं तरी काही होत नाही. स्प्लिटर खराब आहे का?

खटपट्या

खराब नाही, त्याचं कामच ते आहे. स्प्लिटर एका सिग्नलच्या दोन प्रती काढतो. पीसीच्या दृष्टीने तिथे एकच मॉनिटर असतो, त्यामुळे वाढवायला दुसरा पडदाच नाही. वर्गातल्या प्रोजेक्टरसाठी ठीक, तुमच्या कामाचा नाही. परत घेत असेल तर देऊन टाका.

एक मॉनिटर एचडीएमआयला, दुसरा व्हीजीएला लावा, बस. एच३१० वर दोन्ही एकदम चालतात. व्हीजीएवर १०८०पी ६० हर्ट्झ व्यवस्थित येतं. अक्षरं किंचित पुसट दिसली तर मॉनिटरवरचं ‘ऑटो’ बटण दाबा, पडद्यावर एखादी पांढरी, मजकुराने भरलेली खिडकी उघडी ठेवून. मॉनिटर त्यावरूनच कडा आणि फेज ठरवतो.

दुसऱ्या मॉनिटरला व्हीजीए नसेल तर ‘व्हीजीए ते एचडीएमआय’ कन्व्हर्टर लागेल, यूएसबीवरून वीज घेणारा. दिशा वाचून घ्या. ‘एचडीएमआय ते व्हीजीए’ दिसायला तसाच असतो पण उलटा चालत नाही. डीपीचंही तसंच: पीसीकडे डीपी आणि मॉनिटरकडे एचडीएमआय असेल तर साधी स्वस्त केबल चालते, कारण पीसीचं डीपी सॉकेट बहुधा एचडीएमआयचा सिग्नलही देऊ शकतं. पीसीकडे एचडीएमआय आणि मॉनिटरकडे डीपी असेल तर तीच केबल निरुपयोगी, तिथे चिप असलेला कन्व्हर्टरच हवा. दोन्ही टोकं बसतात म्हणून लोक फसतात.

अर्धी_जोडणी

छोट्या केबलने १४४ वर दुपारपासून एकदाही काळा झाला नाही. न्यूट्रल-अर्थ मोजलं, आकडा ३८ येतो. वायरमनला फोन केला आहे. तोवर पीसी दुसऱ्या खोलीतल्या सॉकेटवर घेतला, तिथे दीड व्होल्ट आहे, पंख्याचा त्रास तिथे नाही.

दोन बारीक गोष्टी उरल्या. रात्री मॉनिटर बंद करून सकाळी लावले की २७ वरच्या सगळ्या खिडक्या २४ वर जाऊन गोळा झालेल्या असतात. आणि माउस २७ वरून २४ कडे नेताना काही ठिकाणी भिंतीला आपटल्यासारखा अडतो.

पिक्सेलगणित

खिडक्यांचं: डीपी मॉनिटर बटणाने बंद केला किंवा गाढ झोपेत गेला की बरेच मॉनिटर केबल उपटल्यासारखा निरोप देतात. एचडीएमआयवर बहुतेक वेळा तसं होत नाही, कारण मॉनिटरची ओळख सांगणारी चिप कार्डाच्या ५ व्होल्टवर जागी राहते. म्हणून विंडोज सगळं उचलून २४ वर नेऊन ठेवतं. २७ च्या मेनूत ‘डीपी डीप स्लीप’ किंवा तत्सम नाव असेल ते बंद करा, ‘ऑटो सोर्स’ काढून इनपुट डीपीवर पक्कं करा. मग विंडोजमध्ये ‘डिस्प्ले – मल्टिपल डिस्प्लेज’ खाली खिडक्यांच्या जागा लक्षात ठेवण्याचा पर्याय आहे, तो टिक करा. रात्री बटण दाबण्याऐवजी विंडोजला मॉनिटर झोपवू द्या. तरी एखादी खिडकी भलतीकडे राहिली तर ती निवडून विंडोज + शिफ्ट + बाण. आणि झोपेतून उठताना एखादा मॉनिटर आलाच नाही तर विंडोज + कंट्रोल + शिफ्ट + बी, त्याने ग्राफिक्स ड्रायव्हर जागच्या जागी पुन्हा सुरू होतो, उघडी कामं जात नाहीत.

माउसचं: एकाला उभ्या १४४० ओळी, दुसऱ्याला १०८०. दोन्ही १०० टक्के स्केलवर असतील तर ३६० ओळींसमोर पलीकडे काहीच नाही, तिथे माउस अडणारच. डिस्प्ले सेटिंगमध्ये १ आणि २ चे चौकोन दिसतात, ते ओढून टेबलावर मॉनिटर जसे आहेत तसे जुळवा. खालची कड सारखी असेल तर खाली, मध्य सारखा असेल तर मध्यात.

स्केलही बघा. २७ इंचीवर इंचाला १०९ पिक्सेल बसतात, २४ वर ९२. म्हणून तीच खिडकी इकडून तिकडे नेली की मोठी दिसते. २७ ला १२५ टक्के केलं तर अक्षरांचा आकार बराच जवळ येतो, फक्त मग काही जुने प्रोग्राम धूसर दिसतात. अशा प्रोग्रामच्या शॉर्टकटवर ‘प्रॉपर्टीज – कम्पॅटिबिलिटी – चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज’ मध्ये जाऊन स्केलिंग ‘ॲप्लिकेशन’ वर सोडा. अक्षरं बारीक पण स्वच्छ होतील. टॅलीसारखं दिवसभर उघडं असणारं काही असेल तर ते २४ वरच ठेवलेलं बरं.

खटपट्या

२४ वरचा काळा रंग राखाडी आणि एकूण चित्र फिकट वाटत असेल तर एनव्हीडिया कंट्रोल पॅनेलमध्ये ‘चेंज रिझोल्यूशन’ खाली ‘आउटपुट डायनॅमिक रेंज’ बघा. एचडीएमआयवर कार्ड कधीकधी मॉनिटरला टीव्ही समजून ‘लिमिटेड’ देतं. ‘फुल’ करा. ती ओळ करडी आणि बंद दिसली तर आधी वरचं ‘यूज एनव्हीडिया कलर सेटिंग्ज’ निवडा.

वायरमन आला की त्याच्याकडून फक्त तो एक सॉकेट नको, मेन बोर्डापर्यंतची अर्थची तार बघून घ्या. ३८ व्होल्ट हे एका सॉकेटचं सैल टर्मिनलही असू शकतं आणि त्या खोलीच्या न्यूट्रलचा सैल सांधाही. दुसरं असेल तर तापून जळतं, त्यामुळे तोवर त्या खोलीत इस्त्री-गीझर लावू नका.